आइस हॉकीपटू घडतो तो नुसत्या बर्फावर नव्हे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला आइस हॉकीपटूंच्या बालपणावरचा लेख ग्वाल्हेरात बराच फिरला. लष्कर आणि मुरार भागातल्या स्केटिंगच्या वर्गांत पालक तो मोबाइलवर दाखवतात आणि दोनच गोष्टी विचारतात: आमच्या मुलाला हे जमेल का, आणि स्केट्स कुठले घ्यायचे? पहिला प्रश्न लेखाने ‘उपजत प्रतिभा’ म्हणून निकालात काढला आहे, दुसऱ्याला हातच घातलेला नाही. आमच्या मते हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. लहानपणी पायाखाली काय होतं, खेळायला जागा केवढी होती आणि तास किती मिळाले, हे पाहिलं तर प्रतिभेबद्दल बोलायला फार थोडं उरतं.

आधी लेखातली एक चूक. आइस हॉकीतलं सर्वांत गाजलेलं नाव म्हणजे वेन ग्रेट्स्की. त्याच्या घरामागे ‘बर्फ पडायचा आणि तो खेळायचा’ असं त्यात छापलं आहे. आभाळातून पडतं ते हिम, पाणी गोठून होतं ते बर्फ. मराठीत आपण दोन्हींना बर्फच म्हणतो, म्हणून हा घोळ. हिम पडून रिंक, म्हणजे स्केटिंगचं सपाट मैदान, होत नाही. भुसभुशीत हिमात हवा कोंडलेली असते, ते गोधडीसारखं काम करतं आणि खालचं पाणी गोठू देत नाही. त्यामुळे ते आधी उपसावं तरी लागतं किंवा तुडवून घट्ट करावं लागतं. मग त्यावर पाण्याचे पातळ थर द्यायचे. एकदम चार बोटं पाणी सोडलं तर वरची साय गोठते, खालचं पाणी वाट काढून जमिनीत मुरतं आणि मध्ये पोकळी राहते. त्यावर मूल उभं राहिलं की कवच मोडून पाय आत जातो. कॅनडात ओंटारियोमधल्या ब्रँटफर्ड गावी टेलिफोन कंपनीत नोकरी करणारे वॉल्टर ग्रेट्स्की बागेला पाणी घालायचा फवारा रात्री परसात लावत, तो याच कारणासाठी. फवाऱ्याचं पाणी बारीक पडतं, पडल्या पडल्या गोठतं आणि थरावर थर सपाट चढत जातो.

वेनचा जन्म २६ जानेवारी १९६१ चा. तीन वर्षांचा होण्याआधीच तो स्केट्सवर उभा राहिला. परसातल्या रिंकवर वडील रिकामे डबे मांडत आणि पोरगा त्यांच्यामधून पक काढत नेई. आडव्या टाकलेल्या काठ्यांवरून उडी मारायची आणि उतरता उतरता पास घ्यायचा, हाही रोजचाच पाठ. पक म्हणजे या खेळाची रबराची चकती. तिचा व्यास ३ इंच, जाडी १ इंच आणि वजन साधारण १५६ ते १७० ग्रॅम. पक जिथे होता तिथे धावू नकोस, जिथे जाणार आहे तिथे जा, हे वडिलांचं सांगणं पुढे जगभर गाजलं. पण ते नुसतं वाक्य नव्हतं, त्यामागे हजारो वेळा केलेली कवायत होती. सहाव्या वर्षी तो दहा वर्षांच्या मुलांच्या संघात खेळला. त्या अख्ख्या हंगामात त्याचा एकच गोल झाला. जर्सी अंगाला इतकी मोठी होत होती की स्टिक तिच्यात अडकू नये म्हणून उजवीकडून ती पँटमध्ये खोचावी लागे. तीच सवय त्याने शेवटपर्यंत ठेवली. दहाव्या वर्षी मात्र एका हंगामात ३७८ गोल. लेखात हा ३७८ चा आकडा ठळक छापलाय, एक गोलाचा उल्लेखही नाही. पालकांनी वाचावा असा आकडा खरं तर एकचाच आहे.

जन्मतारखेवरूनही थोडं. कॅनडातल्या वयोगटांची रेघ ३१ डिसेंबरला पडते. त्यामुळे जानेवारीतलं मूल आणि डिसेंबरातलं मूल एकाच गटात येतात, पण एक दुसऱ्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठं असतं. आठव्या-नवव्या वर्षी हे अंतर उंचीत आणि ताकदीत दिसतं. मोठं मूल निवडलं जातं, त्याला चांगला प्रशिक्षक आणि जास्त सराव मिळतो, आणि दोन वर्षांनी ते खरोखरच पुढे गेलेलं असतं. रॉजर बार्न्सली या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये सहकाऱ्यांबरोबर हे आकडेवारीने मांडलं. ग्रेट्स्की जानेवारीचाच, पण तो चार वर्षांनी मोठ्यांत खेळत होता, तेव्हा त्याला या सवलतीचा फारसा उपयोग नव्हता. इथल्या वर्गांत मात्र ‘हा चलाख, तो मठ्ठ’ असं ठरवण्याआधी दोघांच्या जन्माचे महिने पाहावेत.

आता मुद्द्याचं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या आसपास तापणाऱ्या ग्वाल्हेरात परसात रिंक होणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको. पण या खेळातली आजची दोन सर्वांत मोठी नावं पाहा. १९९७ मध्ये जन्मलेला कॉनर मॅकडेव्हिड तीन वर्षांचा असताना घराच्या तळघरात चाकांच्या स्केट्सवर स्टिक चालवायला शिकला. पुढे घरासमोर रंगाचे डबे आणि स्केटबोर्ड मांडून त्यांच्यामधून तो चाकांवरच वळणं घ्यायचा. दुसरा ऑस्टन मॅथ्यूज, तोही १९९७ चाच. तो वाढला ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलमध्ये, म्हणजे थेट वाळवंटात. तिथल्या बंदिस्त रिंकवर तो शिकला, आणि ते रिंक पूर्ण मापाचंही नव्हतं. छोट्या जागेत तीन विरुद्ध तीन असा खेळ चाले. युक्रेनहून आलेल्या बोरिस दोरोझेन्को या प्रशिक्षकाने त्याच्याकडून वर्षानुवर्षं फक्त स्केटिंग घोटून घेतलं.

छोट्या जागेचा फायदा समजायला सोपा आहे. पूर्ण रिंक साधारण ६० मीटर लांब. त्यावर आठ वर्षांची दहा मुलं सोडली की दोन वेगवान मुलं पक घेऊन पळतात आणि बाकीची आठ मागे धावतात. जागेचे आडवे तीन तुकडे करून प्रत्येकात तीन विरुद्ध तीन खेळवलं तर प्रत्येकाच्या स्टिकला पक कितीतरी जास्त वेळा लागतो आणि विचार करायला क्षणभरच मिळतो. कॅनडाच्या हॉकी संघटनेनेही सर्वांत लहान गटांचे सामने पूर्ण रिंकवरून हलवून अर्ध्या किंवा त्याहून लहान जागेत आणले आहेत. आपल्याकडे रोलर हॉकीचं मैदान ४० बाय २० मीटरचं असतं. तेवढंही नसेल तर शाळेचं बास्केटबॉलचं सिमेंटचं अंगण चालतं. चार विटा किंवा दोन डबे ठेवले की गोलपोस्ट तयार.

चाकांवर शिकलेलं बर्फावर किती चालतं? बाजूला रेटा देऊन पुढे जाणं, वळताना पायावरून पाय टाकणं म्हणजे क्रॉसओव्हर, उलटं स्केटिंग, मान वर ठेवून पक चालवणं, हे जवळजवळ जसंच्या तसं. थांबणं मात्र अजिबात चालत नाही. बर्फाच्या स्केटचं पातं सुमारे ३ मिलिमीटर रुंद असतं आणि त्याच्या तळाला लांबीभर खोबण असते. त्यामुळे एकाच पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा होतात. थांबताना दोन्ही पाय आडवे फिरवले की धार बर्फ खरवडते आणि खेळाडू जागच्या जागी उभा राहतो. चाक असं खरवडत नाही. सिमेंटवर तोच प्रयत्न केला तर चाक पकड घेतं आणि मूल तोंडावर आपटतं. म्हणून चाकांवरची मुलं मागचा पाय आडवा घासून किंवा मोठं वळण घेऊन थांबतात. ही सवय बर्फावर नेली की प्रत्येक वळणाला दोन-तीन मीटर वाया जातात, तेवढ्यात पक दुसऱ्याकडे गेलेला असतो. तेव्हा मूल पहिल्यांदा बर्फावर जाईल त्या दिवशी गोल नको, सामना नको. फक्त थांबायला शिकवा, आणि दोन्ही अंगांनी. उजव्या अंगाने जमलं की मुलं डावं सोडून देतात. ते अंग मग कायमचं लंगडं राहतं आणि समोरच्या बचावपटूला ते पाच मिनिटांत कळतं.

स्केट्स कुठले, याचं आमचं उत्तर: इनलाइन. म्हणजे एका रांगेत चार चाकं. आपल्याकडे सुरुवात बहुतेक ठिकाणी क्वाडवर होते, पुढे दोन आणि मागे दोन चाकांवर. पहिले काही महिने तोल येण्यासाठी ते ठीक. पण क्वाडवर पाय रुंद बैठकीवर सपाट टेकतो आणि घोट्याला आत-बाहेर झुकायची सवयच लागत नाही. आइस हॉकीचं तर सगळं शास्त्र त्या झुकण्यात आहे. वर्षाच्या आत इनलाइनवर या. आल्यावर रोज सुरुवातीची पंधरा मिनिटं एका पायावर घालवा. दहा मीटर सरळ, मग त्याच पायावर आत वळण, मग बाहेर वळण, मग दुसरा पाय. बाहेरचं वळण कुणालाच आवडत नाही, म्हणून तेच दुप्पट करून घ्यावं.

मापाच्या बाबतीत पालक हमखास फसतात. ‘पुढच्या वर्षीही चालतील’ म्हणून दोन नंबर मोठे घेतात. हॉकीचा स्केट बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान लागतो. मूल सरळ उभं राहिल्यावर अंगठा टोकाला जेमतेम टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवल्यावर किंचित मागे आला पाहिजे. त्या वेळी टाचेमागे पेन्सिल जात असेल तर स्केट मोठा आहे. मोठ्या स्केटमध्ये टाच उचलते, घोटा आत पडतो, मूल पायाऐवजी चाकाच्या कडेवर चालतं आणि पंधरा दिवसांत म्हणू लागतं की पाय दुखतात, नको. मूल आळशी नसतं, बूट चुकलेला असतो. नाडी पंजाजवळ बेताची आणि घोट्याजवळ घट्ट बांधावी. आपल्याकडे बरोबर उलटं बांधतात.

चाकांचा कडकपणा त्यांच्यावरच लिहिलेला असतो. गुळगुळीत बंदिस्त फरशीसाठी ७४ए ते ७६ए, उघड्या सिमेंटसाठी ८२ए ते ८५ए. दुकानदार हॉकीचे स्केट्स म्हणून मऊ चाकांचे देतो. ग्वाल्हेरच्या खरबरीत, तापलेल्या सिमेंटवर त्यांचे लचके निघतात. चाकं आतल्या बाजूने आधी झिजतात, म्हणून दर काही आठवड्यांनी पहिलं तिसऱ्याच्या आणि दुसरं चौथ्याच्या जागी लावावं आणि लावताना उलटं फिरवावं, म्हणजे झिजलेली कड बाहेर येते. एका जोडीत आठ चाकं, प्रत्येकात दोन, अशी सोळा बेअरिंग. आपल्याकडची धूळ हा त्यांचा खरा शत्रू. चाक हाताने फिरवल्यावर खरखर आवाज आला की बेअरिंग काढून धुवावं, पूर्ण वाळवावं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. एकच. जास्त तेल धूळ धरून ठेवतं आणि आठवड्यात आत चिखल होतो. पावसाळ्यात भिजलेले स्केट्स तसेच पिशवीत कोंबले तर गंज पकडतो, मग धुऊनही उपयोग नाही.

पुढच्या कारकिर्दीचं लेखात जे चित्र आहे ते फारच सरळ आहे. गुणी मुलगा, मग मोठी लीग, मग करंडक. प्रत्यक्षात ग्रेट्स्कीने चौदाव्या वर्षी घर सोडून टोरोंटो गाठलं. सोळाव्या वर्षी सू सेंट मरीच्या ज्युनियर संघात त्याला आधीच्या पिढीतल्या नामवंत गॉर्डी हाउचा ९ क्रमांक हवा होता, तो आधीच दुसऱ्याकडे होता म्हणून ९९ घेतला. त्या हंगामात गोल आणि गोलला दिलेले पास मिळून १८२ गुण. तेव्हा एनएचएल या मुख्य लीगमध्ये इतक्या लहान मुलाला घेत नसत, म्हणून १९७८ मध्ये सतराव्या वर्षी तो डब्ल्यूएचए या प्रतिस्पर्धी लीगमधल्या इंडियानापोलिसच्या संघात गेला. तिथे जेमतेम आठ सामने झाले आणि पैशांअभावी संघाने त्याला एडमंटनला विकलं. पुढचं सर्वांना ठाऊक आहे: चार स्टॅन्ली करंडक, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, आणि ८९४ गोल. गोलांचा तो विक्रम अलेक्झांडर ओवेचकिनने एप्रिल २०२५ मध्ये मोडला.

आज एनएचएलची वाट ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीतून जाते. त्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण झालेली मुलं पात्र ठरतात. ३२ संघ, सात फेऱ्या, म्हणजे २२४ नावं. मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबरचा. दोन दिवसांच्या फरकाने २०१५ चा ड्राफ्ट हुकला. रिकामं बसण्याऐवजी तो झुरिकच्या संघाकडून प्रौढांच्या लीगमध्ये खेळला, ३६ सामन्यांत २४ गोल केले, २०१६ मध्ये पहिल्या क्रमांकाने टोरोंटोकडे गेला आणि पहिल्याच सामन्यात चार गोल केले. पण ड्राफ्ट म्हणजे नोकरी नव्हे. निवडलेल्यांपैकी बरेचजण खालच्या लीगमध्येच राहतात. सर्वसाधारण कारकीर्द कशी असते हे पाहायचं तर भारतीय वंशाचा पहिला एनएचएल खेळाडू रॉबिन बावा पाहावा. १९६६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात जन्मलेला हा मुलगा ज्युनियरमध्ये भरपूर गोल करायचा. ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नाही. १९८९ मध्ये वॉशिंग्टनकडून तो वर पोहोचला तेव्हा त्याला दांडगाईची भूमिका दिली गेली. एकूण ६१ सामने, बाकी आयुष्य खालच्या लीगमध्ये. आमच्या लेखी ही यशाचीच कथा आहे, फक्त पुरवणीत छापण्यासारखी दिसत नाही.

धडकांचा विषय लेखात मुळीच नाही. एनएचएलमधला नामवंत खेळाडू सिडनी क्रॉस्बी याला जानेवारी २०११ मध्ये आठवड्याच्या आत डोक्याला दोन मार बसले आणि तो नोव्हेंबरपर्यंत बाहेर होता. कॅनडात तेरा वर्षांखालील गटांत अंगाने धडक द्यायला २०१३ पासून बंदी आहे. तेव्हा ‘तिकडे असंच खेळतात’ म्हणून आपल्या दहा वर्षांच्या मुलांना धडका शिकवू नयेत. जाळीचं हेल्मेट मात्र चाकांवरही घालावंच.

इथल्या मुलाला पुढे काय, हेही स्पष्ट असावं. चाकांवर रोलर स्केटिंग महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धांत इनलाइन हॉकी आहे, तिथपर्यंतची वाट ग्वाल्हेरातून चालता येते. बर्फासाठी बाहेर पडावं लागतं. डेहराडूनचं हिमाद्री रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलं, नंतर अनेक वर्षं ते बंद पडून होतं. मॉलमधली छोटी रिंक उघडतात आणि मिटतात, म्हणून तिकीट काढण्याआधी फोन करून खात्री करावी. खरा खेळ लडाखमध्ये आहे. तिथे नैसर्गिक बर्फ जेमतेम दोन महिने टिकतं, तरीही तिथल्या मुलींच्या बळावर भारताच्या महिला संघाने २०२५ मध्ये अल ऐन इथे आशिया चषकात कांस्यपदक जिंकलं. सैन्यदल आणि आयटीबीपीच्या संघांत खेळाडूंना जागा मिळते. पूर्णवेळ पगार देणारी लीग आपल्याकडे नाही. पालकांनी वर्गाची फी भरण्याआधी हे ऐकलेलं बरं.

शेवटी स्टिक. ग्वाल्हेरात हॉकी म्हटलं की कॅप्टन रूपसिंह. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला २४-१ ने हरवताना दहा गोल त्यांचे होते. त्यांच्या नावाच्या मैदानावर पुढे क्रिकेट आलं, तरी घराघरात मैदानी हॉकीची स्टिक अजून सापडते. तिची एकच बाजू सपाट असते, त्यामुळे सगळे डावा हात वर आणि उजवा खाली धरतात. आइस हॉकीची स्टिक डावी आणि उजवी अशी दोन प्रकारची मिळते. कॅनडातली बहुतेक मुलं उजवा हात वर ठेवतात, म्हणजे डावी स्टिक वापरतात, आणि दुकानदारही तीच पुढे करतो. मैदानी हॉकी खेळलेल्या मुलाला ती घेऊ नका. त्याचा उजवा हात खाली जातो, म्हणून त्याला उजवी स्टिक लागते. त्याला पाठीतून वाकायची सवय असेल, ती मोडा. गुडघे वाकवायचे, छाती वर.

स्टिकवर लिहिलेला फ्लेक्सचा, म्हणजे ती किती कडक आहे याचा, आकडा मुलाच्या वजनाच्या पौंडांत साधारण निम्मा असावा. तीस किलोचं मूल म्हणजे ६६ पौंड, त्याला ३० ते ३५ ची स्टिक. मोठ्या माणसाची ८५ ची दिली तर ती वाकतच नाही आणि पक जमिनीवरून उठत नाही. स्केट्स घालून उभं राहिल्यावर स्टिक हनुवटीपर्यंत यावी. लांब असेल तर वरून कापावी, कापायच्या जागी आधी टेप गुंडाळावा, म्हणजे फायबरच्या चिरफळ्या निघत नाहीत. कापल्यावर ती आणखी कडक होते, म्हणून कापायचीच असेल तर विकत घेताना फ्लेक्सचा आकडा एक पायरी कमी पाहावा.

आपले,
दोन स्केटिंग प्रशिक्षक
लष्कर, ग्वाल्हेर